बेघर माणूस नेमका कोणत्या खात्याचा?

गोदाकाठची

नमस्कार. एरवी मी इथं नुसती वाचत असते. आज राहवलं नाही म्हणून लिहितेय.

बसस्टँडसमोर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. मराठवाड्यातलंच एक जिल्ह्याचं ठिकाण. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण खाली ज्या कचेऱ्यांबद्दल लिहिणार आहे तिथली माणसं वाईट नाहीत. मला कुणाला उघडं पाडायचं नाही.

वीसेक दिवसांपासून फलाट नंबर ४ वर एक आज्जी राहते. वय सत्तरच्या आसपास, हिरवं इरकल लुगडं, एक गाठोडं आणि जर्मनचा डबा. सकाळी नळावर तोंड धुऊन फलाट झाडते. कुणी सांगितलं नाही, तरी झाडते. कंट्रोलरसाहेब तिला उठवत नाहीत. गाव विचारलं की "वाडी" म्हणते. कोणती वाडी? "आमची वाडी."

मी तीन दिवस फिरले. पोलीस ठाण्यात म्हणाले, गुन्हा नाही, तक्रार नाही, लिहून काय घ्यायचं? पालिकेत कळलं, निवारा कागदावर आहे, इमारत नाही. दवाखान्यात बीपी, साखर तपासली. आजार नाही, म्हणून भरती नाही. तहसीलला निराधार योजनेचं विचारलं, तर आधार, रेशनकार्ड आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा मागितला. शेवटी समाजकल्याण. तिथून वृद्धाश्रमाचा नंबर मिळाला. वृद्धाश्रमाला नातेवाइकाची सही पाहिजे, आणि नातेवाईक शोधायचे तर परत पोलीस.

सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढच्या कचेरीचा रस्ता दाखवला. पाचव्या कचेरीनं दाखवलेला रस्ता परत ठाण्याकडंच जात होता.

माझा प्रश्न साधा आहे. छप्पर नसलेला माणूस नेमका कोणत्या खात्याचा?

दुधना

वाचतोय ताई. जालन्यात स्टेशनबाहेर असे चार जण रोज दिसतात. आपण रोज पुढं निघून जातो, हे तुमचं वाचल्यावर टोचलं.

पालिकेतला

गोदाकाठची ताई, मी सात वर्षं एका महापालिकेत नागरी उपजीविका अभियानाच्या कक्षात होतो. तुमच्या प्रश्नाला कागदावर उत्तर आहे.

२०१३ पासून हे अभियान होतं, त्यात 'शहरी बेघरांसाठी निवारा' हा वेगळा घटक. निकष असा की १ लाख लोकसंख्येमागं १०० माणसांचा एक कायमचा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, वर्षभर चोवीस तास उघडा. त्याच्या आधी २०१० च्या थंडीत सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना निवाऱ्यांबद्दल फटकारलं होतं. काम होईना म्हणून २०१६ साली न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमून देशभरातले निवारे तपासायला लावले. म्हणजे शहरात तरी पहिली जबाबदारी पालिकेचीच.

आता प्रत्यक्षातलं. आमच्या निवाऱ्यात ६० खाटा होत्या आणि माणसं १४. का, तर बेघर माणूस जिथं काम मिळतं तिथंच झोपतो. स्टेशन, भाजी मंडई, लेबर अड्डा. निवारा तिथून जवळ असावा असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. आम्हाला जागा मिळाली जुन्या जकात नाक्याजवळ. पहाटे पाचला अड्ड्यावर उभं राहायचं असेल तर तिथं कोण झोपेल?

एक अनुभव सांगतो. डिसेंबरात रात्रीच्या फेरीला आम्ही पहिल्यांदा पोलिसांची जीप घेऊन गेलो. जीप बघताच माणसं पळाली, दोघं तर चपला टाकून. दुसऱ्या आठवड्यात तेच हवालदार साध्या कपड्यात आले, सोबत शहरी आरोग्य केंद्राची सिस्टर आणि चहाची किटली. त्या रात्री अकरा जण आले. सिस्टरनं एकाच्या पायाची जखम धुतली, ते बघून बाकीचे उठले. खाती तीच होती, पण त्या रात्री ती एकत्र आणि नीट आली होती.

उदगीरकर

सगळं सरकारवरच का ढकलायचं? त्या आज्जीला लेकरं असतील ना? ती कुठं आहेत? आईला स्टँडवर सोडून जाणाऱ्याला आधी शोधा. निवारे वाढवले तर सोडणारेही वाढतील.

काळाकोट

उदगीरकर दादा, लेकरांना जबाबदार धरणारा कायदा आहेच, २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडं असतं, म्हणजे आपल्या भाषेत प्रांतसाहेबांकडं. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता लावता येतो. ज्येष्ठाला स्वतः जाता येत नसेल तर तिनं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. ही शेवटची तरतूद फारशी कुणी वापरत नाही.

पण लेकरांनी सोडलं, हे तुम्ही आधीच धरून चाललात. अजून आपल्याला काहीच माहीत नाही.

वेरूळरोड

भिक्षेकरी गृहात नेता येईल ना? तिथं जेवण मिळतं, छप्पर मिळतं.

काळाकोट

नको. आपल्याकडचा भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा आहे. त्यात उपजीविकेचं साधन न दिसता फिरणाऱ्यालाही 'भिक्षेकरी' धरता येतं, आणि नेणं म्हणजे अटक करून नेणं. दिल्लीत लागू केलेल्या याच कायद्याची बरीच कलमं तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ साली रद्द केली. महाराष्ट्रात तो अजून आहे. आज्जी भीक मागत नाही, फलाट झाडते. तिला आरोपी करू नका.

वॉर्ड_नंबर_सात

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. 'आजार नाही म्हणून भरती नाही' हे वाचून थोडं लिहिते.

आज्जीला गावाचं नाव आठवत नाही, म्हणजे बीपी-साखर पुरेशी नाही. विस्मरण तपासायला हवं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे. रस्त्यावर फिरणारा माणूस मानसिक आजारी वाटला आणि स्वतःला सांभाळू शकत नसेल, तर पोलिसांनी त्याला ताब्यात नव्हे, संरक्षणात घ्यायचं आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला आणायचं. बेघर असेल तर हरवल्याची नोंद त्याच ठाण्यात करायची आणि घरचे शोधायची जबाबदारी ठाणेदाराची. तपासणीत भरतीसारखा आजार निघाला नाही, तर त्याला घरी पोचवायचं आणि घर नसेल तर बेघरांच्या सरकारी निवाऱ्यात. हे सगळं त्या कलमातच आहे. म्हणजे पोलीस, दवाखाना आणि निवारा एकाच दोरीत बांधलेत. दोरीचं तिसरं टोक पालिकेकडं आणि तिथं इमारत नाही.

आम्हाला हे रोज दिसतं. 'अनोळखी पुरुष' म्हणून आलेला पेशंट बरा होतो. डिस्चार्ज कुठं द्यायचा? गेटबाहेर. महिनाभरानं तोच माणूस त्याच जखमेसकट परत येतो. माझ्या वॉर्डात एक काका तीनदा आले. चौथ्यांदा आलेच नाहीत. मला अजून त्यांची खाट रिकामी दिसली की पोटात कसंतरी होतं.

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. या चारांत मराठवाड्यातलं एकही नाही. आपल्याकडून पेशंट पाठवायचा तर गाडी, पोलीस, सोबतची बाई, सगळं जुळवायचं. ते जुळेपर्यंत पेशंट उठून निघून जातो.

बालाघाटी

मी बीड जिल्ह्यातला. घरात दोन पिढ्या ऊसतोड. ताई, आधी एक विचारतो, मग बाकीचं लिहितो. आज्जीच्या तोंडात फड, कोपी, मोळी, टायरगाडी असले शब्द येतात का?

गोदाकाठची

बालाघाटी दादा, कोपी म्हणते. आणि सारखं "वाढं आणायला गेली, वाढं आणायला गेली" असं म्हणते. मला वाटायचं तिला भूक लागलीय, वाढ म्हणतेय. मी दरवेळी भाकरी आणून द्यायचे. ती खायची नाही, नुसती बघत बसायची.

बालाघाटी

ताई, वाढं म्हणजे उसाचा शेंडा. बैलाला चारा म्हणून आणत्यात, उरलं तर विकत्यात. "वाढं आणायला गेली" म्हणजे तिची सून नाहीतर लेक वाढं आणायला गेली आणि ही कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, लेकरं राखत बसली. आमच्या प्रत्येक टोळीत अशी एखादी म्हातारी असती. ती कोयता नसती, म्हणजे मजुरीच्या हिशोबात नसती. तिच्या नावावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नसती. ती कोणत्याच वहीत नसती.

ऐका. कारखाने बंद होऊन टोळ्या मार्चात परतल्यात. तुम्ही म्हणता वीस दिवस झाले. हिशोब बसायलाय. आधार शोधू नका, मुकादम शोधा, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार. मुकादमाकडं कोणत्या गावचे किती कोयते, कुणाला किती उचल, कोण कोणत्या गाडीत बसलं, सगळं असतं. तिला मुकादमाचं नाव विचारा. गाव विसरंल, मुकादम विसरायची नाही.

वॉर्ड_नंबर_सात

शोध घ्या, पण तिचा फोटो गटागटांवर फिरवू नका. नको त्या माणसाच्या हातीही जातो. शब्द, लुगडं, बोली एवढं सांगितलं तरी घरचे ओळखतात.

पालिकेतला

अनुमोदन. आणि बालाघाटी यांनी मोठी गोष्ट सांगितली. आम्ही शहरात बेघर मोजायचो तेव्हा फक्त फुटपाथ मोजायचो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली. देशात साधारण १७.७ लाख आणि महाराष्ट्रात २ लाखांवर. पण सहा महिने कोपीत राहणाऱ्याचं काय? गावात पडकं का होईना घर आहे, म्हणून तो बेघर नाही. आणि कोपी हे काही घर नाही.

मांजरथडी

जरा जुनं काढतो. माझा जन्म किल्लारीच्या पट्ट्यातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, भूकंप. मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या घरातली तिघं गेली. अख्खा पट्टा एका पहाटेत बेघर झाला.

पण त्या वेळी 'तुम्ही कोणत्या खात्याचे' असं आम्हाला कुणी विचारलं नाही. महसूल, बांधकाम, आरोग्य, वीज, सगळे एका मांडवात बसायचे. तेव्हा लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी होते. आधी तंबू, मग पत्र्याचे शेड, मग नवीन गावठाण. ५२ गावं नव्या जागी बसवली. जागतिक बँकेचा पैसा होता, संस्थांनी गावं दत्तक घेतली. तक्रारी होत्याच. नव्या घरापासून शेत लांब पडलं, जुन्या गल्ल्या मोडल्या, शेजार तुटला. माझी आजी मरेपर्यंत त्या घराला 'सरकारी खोली' म्हणायची.

मला सांगायचंय ते वेगळंच. ज्या गावांत घरं पडली नव्हती, तडे गेले होते, तिथं दुरुस्तीचा कार्यक्रम चालला. त्यात गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. आमच्या मावशीकडं हे काम होतं. हप्ता कुणाचा अडला, इंजिनिअर कधी येणार, सिमेंट कमी पडलं, हे सगळं ती घराघरात आणि कचेरीत सांगत हिंडायची. सातवी शिकलेली बाई, पण तिला सगळ्या खात्यांची दारं माहीत होती. ताई, तुम्ही तीन दिवस जे केलं ते हेच काम. फरक एवढाच की मावशीला ते कचेरीनं नेमून दिलं होतं. तुम्हाला कुणी नेमलेलं नाही.

डॅलसची_लेक

मूळची अंबाजोगाईची, आता टेक्सासात. मांजरथडी काकांचं वाचून इथलं सांगावंसं वाटलं.

अमेरिकेत १९८७ साली कायदा करून बेघरांच्या प्रश्नावर केंद्रीय खात्यांची एक समन्वय परिषद नेमली. इतकी वर्षं झाली तरी प्रश्न संपला नाही. जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या मोजणीत ७,७१,४८० माणसं बेघर निघाली. मार्च २०२५ मध्ये तर ती परिषदच कायद्यानं शक्य तितकी गुंडाळा, असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला.

पण माजी सैनिकांचं वेगळं झालं. २०१० पासून त्यांच्यातले बेघर निम्म्याहून कमी झाले, २०२४ ला ३२,८८२ उरले. त्यांच्यासाठी गृहनिर्माण खातं भाड्याला मदत देतं आणि सैनिकांचं खातं प्रत्येकामागं एक कार्यकर्ता देतं. तो औषध, कागद, घरमालकाशी बोलणं, सगळं बघतो. मी ज्या दवाखान्यात काम करते तिथं असे कार्यकर्ते येतात. त्यांच्या फोनमध्ये घरमालकाचा नंबरही असतो आणि डॉक्टरचाही.

बालाघाटी

पैसा एका खात्याचा आणि सोबतचा माणूस दुसऱ्या खात्याचा, हे पटलं. आपल्याकडं योजना ढीगभर आहेत, सोबतचा माणूस नाही.

दुधना

मग गोदाकाठची ताईंच्या दुकानावरच पाटी लावा की, 'सर्व खाती येथे मिळतील'. :) झेरॉक्सची सोय आहेच. मनापासून म्हणतोय ताई, तुम्ही करायलात ते मोठं काम आहे.

सज्जा_क्रमांक

मी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). कागदांबद्दल दोन गोष्टी, उपयोगाच्या आहेत म्हणून.

बेघराला पत्ता नाही म्हणून आधार अडतं, हा समज चुकीचा आहे. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र पत्त्यासाठी चालतं. मतदार यादीचं तर फार सुंदर आहे. बेघर माणसानं अर्जात जी जागा लिहिली, तिथं बीएलओनं (मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) रात्री जाऊन बघायचं की माणूस खरंच तिथं झोपतो का. एकाहून जास्त रात्री जायचं. खात्री झाली की पत्त्याचा दुसरा पुरावा लागत नाही. मी स्वतः बीएलओ असताना एका पुलाखाली दोन रात्री गेलोय. दुसऱ्या रात्री त्या माणसानं मला बसायला पोतं अंथरलं. यादीत नाव आलं तेव्हा तो यादीची प्रत मागायला आला होता.

एकच खातं रात्री जाऊन बघतं, निवडणुकीचं. रेशन आणि निराधारलाही असंच करायला काय हरकत आहे?

उदगीरकर

हे माहीत नव्हतं. माझा आधीचा प्रतिसाद घाईचा होता. आज्जीचं पुढं काय झालं?

गोदाकाठची

उशीर झाला, नऊ दिवसांनी येतेय. सगळं सांगते.

बालाघाटी दादांनी सांगितल्यासारखं मुकादमाचं नाव विचारलं. एका दमात सांगितलं तिनं, वडिलांच्या नावासकट! मी दोन मिनिटं तिथंच बसून राहिले. दादांनी ते नाव त्यांच्या ओळखीच्या मुकादमांना कळवलं, फोटो नाही, नुसतं बोलून. चौथ्या दिवशी फोन आला. नांदेडकडच्या डोंगरपट्ट्यातली टोळी. परत येताना आमच्या स्टँडवर आज्जी पाण्याला उतरली. मागच्या गाडीतल्यांना वाटलं पुढच्या गाडीत आहे, पुढच्यांना वाटलं मागच्या.

लेकानं सोडलं नव्हतं. लेक दोन दिवस रस्ताभर शोधत फिरला आणि आपल्या तालुक्याच्या ठाण्यात हरवल्याची तक्रारही केली. म्हणजे मी इथल्या ठाण्यात उभी होते तेव्हा तिची तक्रार दुसऱ्या ठाण्यात पडून होती. वॉर्ड नंबर सात ताई म्हणाल्या तशी इथं त्याच दिवशी नोंद झाली असती, तर कुणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवले असते.

परवा लेक आला. फलाटावर तिच्या पायाशी बसला आणि काही बोलेना. आज्जीनं त्याला विचारलं, "जेवलास का?"

पण पुढचं ऐका. गेल्या पावसाळ्यात त्यांचं घर पडलं. सध्या सगळे बहिणीच्या पडवीत राहतात. घरकुलाच्या यादीत नाव आहे, पण जागा स्वतःची नाही. घर गायरानावर होतं. म्हणून मंजुरी अडलीय. आज्जीला घरचे सापडले, घर नाही सापडलं.

सज्जा_क्रमांक

जागेमुळं घरकुल अडलं असेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत अर्ज करा. भूमिहीन लाभार्थ्याला जागेसाठी १ लाखापर्यंत मिळतात. जागा झाली की घरकुलाचे १ लाख २० हजार, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार. ही जोडणी कागदावर चांगली आहे. फक्त घरकुल कक्ष, रोहयो आणि ग्रामपंचायत यांनी एकाच दिवशी फाइल बघायला हवी. वेगवेगळ्या दिवशी गेलात तर सहा महिने जातील. सोमवारी गटविकास अधिकारी बहुधा जागेवर असतात. ग्रामसेवकाला आधी फोन करून बोलवा, तिघांना एका खोलीत गाठा. शेजारच्या गावात कुणी गुंठा-दोन गुंठे द्यायला तयार असेल तर त्याचा सातबारा सोबत न्या.

वॉर्ड_नंबर_सात

जायच्या आधी आज्जीची विस्मरणाची तपासणी नक्की करा, मोफत होते. मी डॉक्टरांशी बोलून ठेवते. आणि लेकाला सांगा, तिच्या पदराला आतून फोन नंबर शिवून टाक. शाई धुण्यात जाते, दोऱ्यानं शिवलेला राहतो.

काळाकोट

पंचायत समितीतला अर्ज मी लिहून देते, पैसे नकोत. निराधारचा अर्जही त्याच दिवशी तहसीलला लावू, आता रहिवासाचा पुरावा मिळेल.

गोदाकाठची

शिवून झालं. आज्जीनंच सुई ओवली. सोमवारी मी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवून जाणार आहे. सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती काढून ठेवल्यात. कुणी सोबत येणार असेल तर सकाळी साडेसातची गाडी आहे, फलाट नंबर ४.

बालाघाटी

मी येतो. मुकादमालाही घेऊन येतो, त्याच्या भावाची जागा आहे तिथं.

उदगीरकर

मी तिकडूनच थेट पंचायत समितीत येतो. आज्जीला काय आणू?